रेसकोर्सवरचं 'सेंट्रल पार्क' आणि न्यूयॉर्कचं मूळ पार्क : बाग आधी की गटार आधी?

वरळीचा वारा

महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर आणि कोस्टल रोडलगतची भरावाची १७५ एकर मिळून जवळपास ३०० एकरांचं उद्यान करायचं २०२४ मध्ये ठरलं. तेव्हापासून 'मुंबईचं सेंट्रल पार्क' हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. चित्रांत हिरवळ, तळं, झाडाखाली बसलेली मंडळी, सगळं यथासांग.

नाव घेतलंच आहे तर मूळ पार्कचा इतिहास नीट बघू, म्हणून हा धागा. ढोबळ माहिती अशी : क्षेत्र ८४३ एकर, लांबी ४ किमी, रुंदी ८०० मीटर. १८५३ मध्ये कायदा झाला, १८५८ मध्ये आराखडा निवडला गेला, काम १८७६ पर्यंत चाललं. तिथे फिरून आलेला माणूस हमखास म्हणतो, 'बरं झालं, शहरात एवढं जंगल राखून ठेवलं.' माझ्या मते हे साफ चूक आहे. खडक सोडले तर राखून ठेवलेलं तिथे जवळजवळ काही नाही. तळी, ओढे, टेकाडं, झाडी, सगळं माणसांनी केलेलं.

जाणकारांनी तीन गोष्टींवर लिहावं. जमीन कशी मिळवली? मातीखाली काय काय केलं? आणि मध्ये पार्कची रया गेली होती ती परत कशी आली? मग रेसकोर्सकडे वळू. राजकारणासाठी दुसरा धागा काढा.

चहाबाज

मुंबईतल्या ३०० एकरांवर चर्चा आणि राजकारण नको? चार प्रतिसादांत आटोपणार हा धागा. तरी बसलोय.

हडसनपल्याड

जमिनीचं मी लिहितो, कारण तोच भाग पर्यटकांच्या माहितीपत्रकात दोन ओळींत उरकतात.

त्या जागेत वस्ती होती. संपूर्ण पट्ट्यातून सुमारे १६०० माणसं उठवली गेली. त्यातली सर्वांत महत्त्वाची वस्ती सेनेका व्हिलेज, पश्चिम बाजूला ८२ ते ८९ नंबरच्या रस्त्यांच्या दरम्यान. १८२५ मध्ये अँड्र्यू विल्यम्स नावाच्या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने तिथे तीन प्लॉट १२५ डॉलरला घेतले. त्याच सुमारास एपिफनी डेव्हिसने बारा प्लॉट ५७८ डॉलरला घेतले आणि एका कृष्णवर्णीय चर्चनेही सहा प्लॉट घेतले. १८५५ पर्यंत तिथे सुमारे २२५ लोक होते. दोनतृतीयांश कृष्णवर्णीय, बाकी बहुतेक आयरिश. तीन चर्चं, एक शाळा, पन्नासच्या वर घरं.

जमीन मालकीची असण्याला तेव्हा वेगळं वजन होतं. १८२१ च्या राज्यघटनेनुसार न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचं तर २५० डॉलरची स्थावर मालमत्ता लागे. गोऱ्यांना ती अट नव्हती. १८४५ मध्ये शहरात मताचा हक्क असलेले कृष्णवर्णीय जेमतेम १०० होते आणि त्यातले १० एकट्या सेनेका व्हिलेजमधले.

वर्तमानपत्रांनी मात्र सरसकट 'झोपड्या', 'घुसखोर' असंच छापलं. १८५७ मध्ये वस्ती रिकामी केली. मालकांना मोबदला मिळाला, भाडेकरूंना काही नाही. विल्यम्सने घर आणि तीन प्लॉटचे ३५०० डॉलर मागितले होते, हातात पडले २३३५. लोक पांगले आणि वस्ती विसरली गेली, ती पार १९९० च्या दशकापर्यंत. २०११ मध्ये पुरातत्त्वाच्या लोकांनी तिथे खोदलं तेव्हा एका घराचा पाया, चहाची किटली आणि लहान मुलाच्या बुटाचा तळवा निघाला.

घाटावरचा

'अतिक्रमण' म्हटलं की काम सोपं होतं, हे तेव्हापासूनच दिसतंय. वाचतोय.

नगररचना

हडसनपल्याड, उत्तम. पैशाची बाजू मी जोडतो.

पहिली पसंती या जागेला नव्हतीच. ईस्ट नदीच्या काठी जोन्स वुड नावाची सुमारे १५० एकरांची झाडी होती, ती घ्यायचा घाट होता. तिथले मालक तालेवार. ते कोर्टात गेले आणि तो बेत बारगळला. मधली जागा खडकाळ, दलदलीची, बिल्डरांना नकोशी. त्यात शहराच्या क्रोटन पाणीपुरवठ्याचा १८४२ चा आयताकृती साठवण तलाव आधीच मध्यभागी बसलेला. म्हणजे जमिनीचा मोठा तुकडा एरवीही बांधकामाला मिळणार नव्हता.

५९ ते १०६ नंबरच्या रस्त्यांपर्यंतच्या जमिनीला ५० लाख डॉलरच्या आसपास लागले. त्यातला सुमारे एकतृतीयांश भाग आजूबाजूच्या जमीनमालकांकडून वसूल केला, कारण पार्कमुळे त्यांच्या जमिनीचा भाव वाढणार होता. आपल्याकडे नगररचना योजनेत 'सुधार आकार' असतो, तेच तत्त्व. १०६ ते ११० चा उत्तरेचा तुकडा १८६३ मध्ये जोडला, तेव्हा कुठे ८४३ एकर झाले. बांधकामाला मंजूर रक्कम होती १५ लाख. प्रत्यक्षात किती पट लागले ते विचारू नका. अँड्र्यू ग्रीन नावाचा हिशेबनीस पेन्सिलीच्या खर्चावरसुद्धा डोळा ठेवून बसला होता, तरी ही गत.

महालक्ष्मीभोवतीच्या टॉवरवाल्यांना उद्या फुकटात 'पार्क व्ह्यू' मिळणार आहे. त्यांच्याकडून कुणी काही मागितल्याचं ऐकिवात नाही.

वरळीचा वारा

नगररचना, शेवटच्या दोन ओळी दुसऱ्या धाग्यावर. 🙂 (मुद्दा मात्र पटला.)

पाटबंधारे

आता मातीखालचं. जरा लांब होईल.

आराखड्यासाठी स्पर्धा होती. ३३ प्रवेशिका आल्या, बक्षीस २००० डॉलर. जिंकलेला आराखडा 'ग्रीन्सवर्ड', तोच ३३ वा. करणारे दोघे : फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि वास्तुविशारद कॅल्व्हर्ट व्हॉक्स. ओल्मस्टेड तेव्हा त्याच जागेवर कामगारांचा देखरेख अधिकारी होता, त्यामुळे कुठे चिखल आणि कुठे कातळ हे त्याला पायाखाली माहीत होतं.

स्पर्धेच्या अटींत शहरातून पार्क ओलांडणारे चार रस्ते बंधनकारक होते. बहुतेकांनी ते सरळ जमिनीवरून नेले. म्हणजे अख्ख्या पार्कचे पाच तुकडे. या दोघांनी चारही रस्ते खंदकात घातले, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुमारे ८ फूट खाली, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, वरून पादचाऱ्यांसाठी पूल. काही ठिकाणी कातळ सुरुंग लावून फोडावा लागला. फायदे दोन. हिरवळीवरून बघणाऱ्याला रहदारी दिसत नाही. आणि रात्री पार्क बंद असलं तरी आगीचे बंब, मालाच्या गाड्या, गुरं चालू राहतात. १८५८ मध्ये गुरांसाठी केलेली सोय आज टॅक्सी आणि बस वापरतात.

पार्कच्या आतही बग्गी, घोडेस्वार आणि पायी चालणारे यांच्या वाटा वेगळ्या. जिथे एकमेकींना छेदतात तिथे एक वरून, एक खालून. म्हणूनच तिथे एवढ्या कमानी आणि पूल आहेत. नुसती हौस नाही ती.

निचरा : जमीन म्हणजे अभ्रकी शिस्ट या कठीण खडकाचे उघडे माथे आणि त्यांच्यामधल्या खळग्यांत साचलेली दलदल. कातळात पाणी मुरत नाही, खळग्यातून बाहेर पडायला वाट नाही. जॉर्ज वेअरिंग हा निचऱ्याचा अभियंता. त्याने भाजलेल्या मातीच्या नळ्या टाकल्या. पद्धत अशी :

१) आधी तळाचा निकास ठरवायचा, मग मुख्य नळ, मग उपनळ्या. उलट क्रमाने गेलात तर उतार जुळत नाही.
२) चर ३ ते ४ फूट खोल. उथळ टाकल्या तर झाडांची मुळं शिरतात आणि हिमाने नळ्या उचलल्या जातात.
३) नळ्या टोकाला टोक लावून ठेवायच्या, सांधे चुन्याने भरायचे नाहीत. पाणी सांध्यांतूनच आत येतं. सांध्यावर सैल कडं किंवा खडी, म्हणजे गाळ येत नाही.
४) उतार सलग हवा. मध्ये कुठेही पोट पडलं की तिथे गाळ बसतो आणि वरची सगळी ओळ निकामी.

हे झाल्यावर माती. सुमारे ३० लाख घनयार्ड माती-दगड हलवले गेले, आणि झाडं-झुडपं लावली २ लाख ७० हजारांच्या वर. क्रम लक्षात घ्या : निकास, नळ, भराव, वरची माती, झाड.

चहाबाज

आणि आपला क्रम : भूमिपूजन, झाड, सेल्फी, निविदा, नळ. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, आणि जागाही रेसकोर्सच.

रानजाई

चहाबाज 😂

पाटबंधारेकाका, एक पुरवणी. तिथल्या पाण्याबद्दल लोकांचा फार गोड गैरसमज असतो. उत्तरेकडे दरीतून खळाळत जाणारा जो 'नैसर्गिक' ओढा आहे, तो आज शहराच्या नळाच्या पाण्यावर चालतो. पूल नावाच्या तळ्यात खडकांआड लपवलेल्या नळातून पाणी सोडतात, तिथून ते लॉक नावाच्या ओढ्याने वाहत हार्लेम मीर तळ्यात जातं. झडप बंद केली की धबधबा बंद.

याचा एक त्रासही आहे. जुन्या शिशाच्या नळ्यांतून शिसं पाण्यात उतरू नये म्हणून न्यूयॉर्क पिण्याच्या पाण्यात फॉस्फेट घालतं. माणसाला ते चालतं, पण उथळ, उन्हात तापणाऱ्या तळ्यात तेच शेवाळाचं खत होतं. म्हणून उन्हाळ्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचा तवंग येतो आणि 'कुत्र्यांना पाण्यात सोडू नका' अशा पाट्या लागतात.

मुंबईत तळं प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर भरायचं म्हटलं तर फॉस्फरस आणि नत्र याहून जास्त येईल. पोषकद्रव्यं काढण्याचा टप्पा प्रक्रियेत नसेल तर पहिल्या एप्रिल-मेमध्येच तळं हिरवं होऊन वास सुटेल. कारंजं लावून हे जात नाही.

गिरगावकर_२

थांबा, थांबा. तळ्याला नळाचं पाणी? मग तिथे बर्फावर घसरायचं तळं १८५८ च्या डिसेंबरात खुलं झालं असं वाचलंय ते कसं? तोपर्यंत तर काम नुकतंच सुरू झालं होतं.

पाटबंधारे

गिरगावकर, बरोबर वाचलंय. मोठं तळं ही पहिली पूर्ण केलेली गोष्ट. खालची दलदल उपसली, पाणी सोडलं आणि थंडीत गोठल्यावर घसरायला खुलं केलं. यात धोरण होतं. पैसे वर्षानुवर्षं लागणार, नगरसेवक कुरकुरणार, तर लोकांना पहिल्याच हिवाळ्यात काहीतरी वापरायला द्या. हजारो लोक आले आणि मग पार्कविरुद्ध बोलणं अवघड झालं.

नगररचना

हा मुद्दा अधोरेखित करायला हवा. ३०० एकर एकदम खुले करायच्या नादात दहा वर्षं पत्रे ठोकून ठेवण्यापेक्षा चाळीस एकर नीट करून द्या.

कातळशिल्पी

थोडं अवांतर, पण दगडाचा विषय निघालाच आहे तर पार्कातल्या इजिप्तच्या स्तंभाबद्दल लिहितो. लोक त्याच्यापुढे फोटो काढतात आणि पुढे जातात. बागेतली सर्वांत जुनी मानवनिर्मित वस्तू तीच. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा, थुतमोस तिसरा याच्या काळातला, उंची ६९ फूट, वजन २०० टनांच्या वर. १८८० मध्ये बोटीने आला. हडसनच्या काठावरून आजच्या जागेपर्यंत न्यायला ११२ दिवस लागले. नुसत्या चौथऱ्याचा दगड ५० टन, तो ओढायला ३२ घोडे. २२ जानेवारी १८८१ ला उभा केला.

मग काय बिघडलं? इजिप्तमध्ये शतकानुशतकं जमिनीवर पडून असताना ग्रॅनाइटच्या भेगांत क्षार शिरले होते. कोरड्या हवेत ते गप्प बसतात. न्यूयॉर्कच्या दमट हवेत आणि गोठण्या-वितळण्यात क्षार विरघळून पुन्हा स्फटिक होतात, फुगतात आणि पापुद्रे सुटतात. १८८५ मध्ये उपाय म्हणून दगड तापवून त्यात पॅराफिन मुरवलं. ते करण्याआधी सुटे पापुद्रे काढून टाकले, ते शेकडो पौंड भरले. त्यांच्याबरोबर चित्रलिपीही गेली. आज दोन बाजू वाचता येतात आणि दोन जवळपास कोऱ्या आहेत, त्याचं कारण एवढंच.

बेथेस्डा टेरेस या पार्कातल्या दगडी गच्चीच्या खालच्या छताची गोष्ट याच जातीची. इंग्लंडच्या मिंटन कारखान्याच्या १५,८७६ रंगीत फरश्या, ४९ चौकटींत, प्रत्येकीत ३२४, त्याही जमिनीवर नाहीत, छताला उलट्या टांगलेल्या. वरून रस्ता जातो. त्यातून पाणी झिरपलं, मागच्या लोखंडी पट्ट्या गंजल्या आणि फरश्या ढिल्या झाल्या. १९८० च्या दशकात सगळ्या उतरवून ठेवल्या, परत लागल्या २००७ मध्ये. वरचा जलरोधक थर धरला असता तर खालचं काही करावं लागलं नसतं.

हडसनपल्याड

कातळशिल्पी, बेथेस्डाचा विषय काढलात म्हणून : मधल्या कारंज्यावरची देवदूताची मूर्ती एमा स्टेबिन्सची, १८७३ ची. शहराने मोठ्या सार्वजनिक शिल्पाचं काम बाईला दिल्याचं हे पहिलं उदाहरण. मूर्ती शुद्ध पाण्याची, क्रोटनचं पाणी शहरात आलं त्याची आठवण. कॉलऱ्याने पोळलेल्या शहराला स्वच्छ पाणी हा चमत्कारच होता.

आणि त्या बागेत खऱ्याखुऱ्या स्त्रियांचा पहिला पुतळा कधी बसला? २६ ऑगस्ट २०२० ला. त्याआधी परीकथेतली ॲलिस होती, देवदूत होती, पण हाडामांसाची एकही नाही.

चहाबाज

पक्षी राहिले. १८९० मध्ये एका गृहस्थाने युरोपातल्या ६० स्टार्लिंग आणून याच पार्कात सोडल्या, पुढच्या वर्षी आणखी ४०. साळुंकीच्या कुळातल्या. आज त्या अख्ख्या उत्तर अमेरिकेत आहेत आणि शेतकऱ्यांच्या शिव्या खातात. आपल्या पार्कात कबुतरं आधीच हजर आहेत, बाहेरून आणायची गरज नाही. खर्च वाचला.

घाटावरचा

मेंढ्यांचं कुणीच लिहिलं नाही. पार्कातल्या शीप मेडो नावाच्या हिरवळीवर खरोखर मेंढ्या होत्या ना?

हडसनपल्याड

होत्या, १८६४ ते १९३४. स्पर्धेच्या अटींत तिथे कवायतीचं मैदान हवं होतं. ओल्मस्टेडला कवायत नको होती, त्याने मेंढ्या आणल्या. गवतही आपोआप कापलं जाई. १९३४ मध्ये रॉबर्ट मोझेस उद्यानांचा आयुक्त झाला, त्याने मेंढ्या ब्रुकलिनला पाठवल्या आणि गोठ्याचं हॉटेल केलं.

मोझेसबद्दल दोन्ही लिहायला हवं. मंदीत मरगळलेली बाग त्याने झपाट्याने दुरुस्त केली, वीसच्या वर खेळाची मैदानं केली. जुना आयताकृती तलाव आटवला होता आणि मंदीच्या काळात बेघरांनी तिथे झोपड्या टाकल्या होत्या. त्याजागी १९३७ मध्ये ग्रेट लॉन ही मोठी हिरवळ झाली. दुसरी बाजू म्हणजे १९५६. त्याच हॉटेलसाठी ८० गाड्यांचा वाहनतळ करायला त्याने खेळाची जागा घ्यायचं ठरवलं. आजूबाजूच्या आया बाबागाड्या घेऊन बुलडोझरसमोर उभ्या राहिल्या. त्याने रात्रीत कुंपण घालून झाडं पाडली, प्रकरण कोर्टात आणि वर्तमानपत्रांत गेलं आणि शेवटी त्यालाच तिथे मुलांचं क्रीडांगण बांधून द्यावं लागलं.

नगररचना

वाहनतळाचा विषय आला, बरं झालं. रेसकोर्सखाली भुयारी वाहनतळाचं बोलणं अधूनमधून निघतं. 'वर बाग, खाली गाड्या, कुणाचंच नुकसान नाही', हे ऐकायला छान आहे. रानजाई, पाटबंधारे, यावर लिहा.

पाटबंधारे

होऊ शकतं. शिकागोचं मिलेनियम पार्क वाहनतळ आणि रेल्वेच्या वरच आहे, २००४ पासून. पण आकडा मांडा. मोठ्या झाडाला किमान दीड मीटर माती हवी. ओल्या मातीचं वजन घनमीटरला १.८ ते २ टन. म्हणजे स्लॅबवर चौरस मीटरला ३ टन, झाड, माणसं आणि देखभालीच्या गाड्या वेगळ्या. त्याखाली मुळं रोखणारा थर, निचऱ्याचा थर, जलरोधक थर. खर्च वाचवायला माती ४०-६० सेंटीमीटरवर आणतात आणि मग तिथे फक्त हिरवळ आणि झुडपं राहतात. जलरोधक थराला आयुष्य असतं. तो बदलायचा म्हणजे वरची बाग उचलायची. कातळशिल्पींनी लिहिलेलं फरश्यांचं उदाहरण परत वाचा.

त्यात ही जागा मुळात सखल. अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्ड बांधून समुद्र अडवला त्याच्या आतली. जमिनीखालचं पाणी वर आहे. रिकामा भुयारी खोका अशा जागी पाण्याच्या रेट्याने उचलला जातो, त्याला खाली बांधून ठेवावं लागतं.

रानजाई

काकांना पूर्ण अनुमोदन. मी झाडांकडून बोलते.

सेंट्रल पार्कमधल्या मॉल नावाच्या रुंद पायवाटेवरचे अमेरिकन एल्म वृक्ष अजून का आहेत, ते बघण्यासारखं आहे. डच एल्म रोगाने देशभरचे एल्म गेले. बुरशी आहे, सालीतल्या भुंग्यांबरोबर येते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करते. जवळजवळच्या झाडांची मुळं एकमेकांत जुळलेली असतात, तिथूनही पसरते. तिथे औषधाइतकाच भर नजर ठेवण्यावर. जूनमध्ये शेंड्याकडची एखादी फांदी पिवळी पडली की लगेच कापायची, सालीखाली तपकिरी रेघ दिसते तिच्या बरंच खाली. लाकूड साठवायचं नाही, लगेच नष्ट करायचं. गरज पडली तर दोन झाडांमध्ये चर मारून मुळांचा संबंध तोडायचा. पंधरा दिवस उशीर झाला की झाड गेलं. हे फक्त जो माळी तीच झाडं रोज बघतो त्यालाच जमतं.

आणि वरळीचा वारा यांचा तिसरा प्रश्न इथेच येतो. १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं. माळी कमी केले, राहिले ते टोळ्यांनी फिरवले जात. आज इथे, उद्या तिथे, कुठलीच जागा कुणाची नाही. ग्रेट लॉन आणि शीप मेडो यांची धूळ झाली. १९८० मध्ये सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही संस्था आली, एलिझाबेथ बार्लो रॉजर्स यांच्या पुढाकाराने. त्यांनी पार्कचे ४९ विभाग केले आणि एकेका विभागाला एक माळी कायमचा नेमला. बिघाड झाला की उत्तर द्यायला नाव असलेलं माणूस. माझ्या मते देणग्यांपेक्षाही हा बदल मोठा.

हिरवळीचंही तसंच. लाखोंच्या पायांनी वरचा पाच-दहा सेंटीमीटरचा थर दगडासारखा दाबला जातो. पाणी मुरत नाही, हवा नाही, मुळं गुदमरतात. वरून बी टाकून उपयोग शून्य. १९९५ ते ९७ ग्रेट लॉन बंद ठेवून माती, निचरा, पाण्याची व्यवस्था सगळं नव्याने केलं. आता पावसानंतर लाल झेंडा लावून हिरवळ बंद ठेवतात, हिवाळ्यात काही महिने पूर्ण बंद. कारण ओल्या मातीवर एक दिवस चाललेली सभा महिन्याभराची मेहनत घालवते.

गिरगावकर_२

लाल झेंडा! शिवाजी पार्कात लावून बघा.

चहाबाज

लावला तर त्याखाली सभा होईल.

नगररचना

कॉन्झर्व्हन्सीबद्दल माझा सूर थोडा वेगळा. मालकी शहराची आणि चालवते संस्था, असा करार आहे. खर्चाचा साधारण तीनचतुर्थांश वाटा संस्था उभा करते. २०१२ मध्ये एकाच गुंतवणूकदाराने १० कोटी डॉलर दिले. तेव्हाच लोकांनी विचारलं की ब्राँक्समधल्या बागांना कोण देणार? श्रीमंत बागांनी काही वाटा गरीब वस्त्यांतल्या बागांना द्यावा, असा प्रस्तावही पुढे आला होता. हे मॉडेल दक्षिण मुंबईत चालेल, कारण समोर देणारे राहतात. गोवंडीच्या उद्यानाला ते लागू होत नाही. म्हणून 'संस्थेला देऊन टाका' हे सरसकट उत्तर मला मान्य नाही.

रानजाई

नगररचना, देणग्यांचं मान्य. पण विभागाला एक माळी ही पद्धत देणगीवर अवलंबून नाही. महापालिकेच्या कुठल्याही बागेत चालेल. अडचण अशी की देखभालीचं कंत्राट तीन वर्षांचं असतं आणि माणसं तीन महिन्यांनी बदलतात.

वरळीचा वारा

सगळ्यांना दंडवत. आता मूळ प्रश्नाकडे. भरावाच्या १७५ एकरांवर आणि रेसकोर्सच्या १२० एकरांवर पहिल्या दोन वर्षांत नेमकं काय करायला हवं? 'चांगलं नियोजन' वगैरे उत्तरं नकोत.

पाटबंधारे

माझ्याकडून निकासाचं. न्यूयॉर्कला वर्षाला सुमारे १२०० मिमी पाऊस, बारा महिन्यांत वाटलेला. मुंबईला २२०० च्या वर, तोही चार महिन्यांत. त्यामुळे वेअरिंगच्या नळ्यांचं तत्त्व घ्या, माप घेऊ नका. ४.५ मीटरच्या वरच्या भरतीला पाऊस आला तर पाणी समुद्रात जात नाही, उलट आत येतं. म्हणून आधी भरतीची पातळी आणि निकासाच्या तोंडाची पातळी एकाच नकाशावर मांडा. तोंडाला झडपा लागतील. हाजी अली आणि लव्हग्रोव्हची उदंचन (पंपिंग) केंद्रं आधीच शहराचं पाणी उपसतात, त्यांच्यावर बागेचा भार टाकू नका. भरती उतरेपर्यंत चार-सहा तास पाणी धरेल असा खोलगट भाग बागेतच ठेवा. एरवी तिथे मुलं खेळतील. ही जागा आराखड्यात पहिल्या दिवशी राखायची असते, नंतर ती कुणीतरी स्टेडियमला मागतं.

आणि भराव अजून खाली बसतोय. त्यावर पक्क्या उताराचे नळ लगेच टाकले तर मध्ये पोट पडणार, वरचा मुद्दा ४. आधी उघडे चर चालू द्या, जमीन बसली की नळ.

रानजाई

मातीचं माझ्याकडून.

दर एकरात दोन-तीन खड्डे घेऊन मीटरभर खोलीपर्यंत प्रत्येक थराचे वेगळे नमुने. सामू (pH), विद्युत वाहकता आणि सोडियम तिन्ही बघा. संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) वाहकता मीटरला ४ डेसीसायमनच्या वर आली तर ती जमीन खारी. तिथे लगेच बाहेरची लाल माती पसरून झाडं लावणं हा पैशाचा अपव्यय. उन्हाळ्यात खालचे क्षार केशाकर्षणाने वर येतात आणि दुसऱ्या वर्षी पानांच्या कडा जळायला लागतात. आधी चर खणा आणि एक-दोन पावसाळे क्षार धुऊन जाऊ द्या. मुंबईचा पाऊस हे काम फुकट करतो, पाणी बाहेर पडायला वाट असेल तरच. सोडियम जास्त असेल तर जिप्सम, तोही निचरा झाल्यावर. त्याआधी टाकलेलं जिप्सम नुसतं पडून राहतं.

तेवढ्या काळात समुद्राच्या बाजूला उंडी, पारोसा भेंडी, करंज, नारळ यांची दाट पट्टी लावा. खारा वारा सोसतात आणि मागच्या झाडांना आडोसा करतात. रोपं तीन-चार फुटांचीच घ्या. पंधरा फुटी आयती झाडं फोटोला बरी, पण कुंडीत मुळं गोल फिरलेली असतात. चार वर्षांनी पहिल्या मोठ्या वाऱ्याला आडवी. गुलमोहर, सोनमोहर या जागेत नकोच.

रेसकोर्सच्या बाजूला उलट करा. तिथली जुनी झाडं मोजून, त्यांच्या पसाऱ्याखालची जमीन आत्ताच कुंपणात घ्या. कामाचे डंपर पसाऱ्याखालून गेले की माती दाबली जाते आणि झाड तीन-चार वर्षांनी मरतं. तोवर कंत्राटदार बिल घेऊन गेलेला असतो.

घाटावरचा

रानजाईताई, पसारा म्हणजे फांद्यांच्या टोकापर्यंत की खोडापासून ठरावीक अंतर?

रानजाई

फांद्यांच्या टोकापर्यंत किमान, जमलं तर दीडपट. वडाला त्याहून जास्त, पारंब्या धरून. कुंपण पत्र्याचं नको, जाळीचं. पत्र्याआड लगेच सिमेंटच्या गोण्या आणि डेब्रिज टाकतात.